माफी मागायला चार कोस

माझ्या आजोबांनी उपासनेला आलेल्या एका माणसाला सगळ्यांदेखत जागेवरून उठवलं होतं. अंगाला वास येतो म्हणून.

आज आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली. दरवर्षी मी त्यांचा टोपीवाला फोटो टाकते आणि कमेंटमध्ये तुम्ही सगळे लिहिता, "देवमाणूस."

त्यांना हे अजिबात चाललं नसतं. तोंडावर कुणी असं म्हटलं की म्हणायचे, "थांब गड्या. आधी मी काय केलंय ते ऐक."

मग ही गोष्ट सांगायचे. पाहुण्यांना, नव्या जावयाला. एकदा तर बीपी तपासायला आलेल्या डॉक्टरला.

यंदा फोटो नको. गोष्टच सांगते.

चाळीसच्या दशकातली. लढाईचे दिवस, रॉकेल मिळायची मारामार. कुंडलच्या बाजूला एका गावात मिशनची शाळा होती, आजोबा तिथले मास्तर. रविवारी त्याच खोलीत उपासना व्हायची. तीही आजोबाच चालवायचे.

उपासनेला भागूजी नावाचा एक माणूस यायचा. कडेगावच्या अलीकडं एका वाडीवर राहायचा. कातडी कमवायचा. दर रविवारी चार कोस चालत यायचा आणि चार कोस चालत परत जायचा.

त्या रविवारी सांगलीहून मिशनचे मोठे साहेब येणार होते. आजोबांनी कोट घातला होता. भागूजी नेमका पहिल्या बाकावर येऊन बसला.

"भागूजी, मागं बस. दाराजवळ. अंगाला वास येतोय तुझ्या, साहेब यायचेत."

सगळ्यांनी ऐकलं.

"व्हय मास्तर," म्हणून भागूजी उठला. पण मागं बसला नाही. सरळ बाहेर गेला.

साहेब आले. उपासना झकास झाली, आजोबांचं कौतुक झालं.

उपदेशाचा विषय होता नम्रता. हे सांगताना आजोबा दरवेळी मान खाली घालायचे.

घरी आल्यावर आजीनं ताट वाढलं आणि एवढंच म्हणाली, "आवं, मामंजींनाबी चावडीवर असंच लांब हुबं करत हुते न्हवं?"

मामंजी म्हणजे आजोबांचे वडील. गावकुसाबाहेरचे. ख्रिस्ती झाले, मुलाला शिकवलं, मुलगा मास्तर झाला. आणि एका पिढीत विसरला.

आजोबा ताटावरून उठले.

पुढच्या रविवारी भागूजी आला नाही. त्याच्या पुढच्याही.

तिसऱ्या रविवारी आजोबा सगळ्यांसमोर उभे राहिले. "मी भागूजीचा अपमान केला. तुमच्यादेखत केला, म्हणून तुमच्यादेखत सांगतो, मी चुकलो. आता त्याच्याकडं चाललोय. आजची उपासना तुमची तुम्ही करा."

आणि निघाले.

भागूजी अंगणात कातडं ताणत होता. उठला नाही.

"भागूजी, चुकलो मी. माफ कर."

भागूजी हातातलं काम सोडेना. कातडं ताणता ताणताच म्हणाला, "मास्तर, तुमी शिकल्याली मानसं. तुमास्नी माफी झटक्यात मागाय येती. मला द्याया येळ लागंल."

"लागू दे."

"तवर काय करनार?"

"तू सांग."

"मग धरा ह्यो कोपरा."

आजोबांनी कोट काढून कुंपणावर टाकला आणि कोपरा धरला.

त्यानंतर दर शनिवारी शाळा सुटली की जायचे. कातडी भिजवायच्या चुन्याच्या पाण्यानं हात फुटले. वास तर असा बसला की शाळेतल्या पोरांच्या आया म्हणू लागल्या, मास्तरच्या हातचं काही घेऊ नका. मंडळीतल्या दोन घरांनी उपासनेला यायचं सोडलं आणि मिशनकडं तक्रार केली, की मास्तर आपली इज्जत घालवतोय.

साहेबांनी सांगलीला बोलावून घेतलं. "हे थांबवा, नाहीतर शाळा सोडा."

आजी तेव्हा पोटुशी होती. माझ्या बाबांच्या वेळी. नोकरी गेली असती तर राहतं घरही गेलं असतं, कारण तेही मिशनचंच.

आजोबा म्हणाले, "साहेब, मी त्याच्यावर उपकार करायला जात नाही. त्याचं मन दुखवलंय, म्हणून जातो. तो 'बास' म्हणाला की थांबेन. तुम्ही म्हणून कसा थांबू?"



शाळा राहिली. उपासना मात्र काढून घेतली, दुसरा उपदेशक नेमला. ती दोन घरं तरीही परत आली नाहीत.

आजोबा मग रविवारी खाली सतरंजीवर बसू लागले. म्हणायचे, "तिथनं लय चांगलं ऐकू येतं गं."

पाऊस सरता सरता एका रविवारी भागूजी आला. बायकोला घेऊन. बाकावर जागा होती. तो आजोबांपाशी आला.

"सरका की वाईच."

आजोबा सरकले.

त्या दिवशी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांनी वाटून घ्यायचा विधी. प्याला एकच असायचा. भागूजीनं घोट घेतला आणि प्याला आजोबांच्या हातात दिला. आजोबांनी कड न पुसता घोट घेतला.

पुढं तीसेक वर्षं दोघं शेजारी बसले. भागूजी गेला तेव्हा खांदा द्यायला आजोबा होते.

मी दहा-अकरा वर्षांची असताना विचारलं होतं, "मग त्यांनी तुम्हाला माफ केलं का, आजोबा?"

"कुणास ठाऊक. मी पुन्हा कधी विचारलंच न्हाई."

"का?"

"मास्तर होतो ना मी. मी विचारलं असतं, तर बिचाऱ्याला 'व्हय' म्हणावंच लागलं असतं."

आजोबा, प्रभूच्या घरी विसावा घ्या. खूप आठवण येते.