कासूच्या घरी गेलेला मेसेज

मी मुळात घाबरट बाई आहे. रोह्यात नवऱ्याच्या कंपनीचा भोंगा जरा अवेळी वाजला की मी हातातलं काम टाकते. नवरा समोर बसून चहा पीत असला तरी मी त्याला एकदा हात लावून बघते. तो म्हणतो, "अगं, मी हाय हितं." तरी लावते. त्यामुळे पेणच्या ऑफिसात दादांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायला सांगितलं, तेव्हा माझी अन्नावरची वासना उडाली यात काही नवल नव्हतं.

ऑफिस रामवाडीत, दोन खोल्यांचं. गणपतीच्या कारखान्यांची गिऱ्हाईकं आम्ही सांभाळतो, म्हणजे त्यांना मेसेज पाठवतो. मूर्ती कधी तयार होईल, कधी न्यायला या, पाट कधी आणताय, हे सगळं एका सॉफ्टवेअरमधून जातं. त्या सॉफ्टवेअरवाल्यांची परीक्षा पास झालं, की मगच पुढे त्यात थेट काम करता येणार होतं. नाहीतर हे काम पनवेलला कोणाला तरी द्यावं लागेल, असं दादा म्हणाले. म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते, म्हणून मला ते जास्तच खरं वाटलं.

पण मला सांगायची आहे ती भीती परीक्षेची नाही. ती वाटेवरच्या कासू गावातल्या एका घराची आहे.

चैत्रात त्या घरून फोन आला होता आणि तो मीच घेतला होता. एक काकी बोलत होत्या. मिठागरावर उभा जन्म काढलेलं ते जोडपं. होळीच्या आसपास काका गेले. काकी म्हणाल्या, "बाय, यंदा आमच्यात गनपती नाय. तेंच्या फोनवर काय पाठवू नको हां. फोन माझ्याकडंच हाय. तेंचं नाव दिसलं की जीव कासावीस व्हतो." मी शब्द दिला, नाही पाठवणार. लगेच त्यांच्या नोंदीत 'मेसेज नको' असं टाकलं आणि दोनदा तपासलं. घाबरट माणसाचा एवढा फायदा असतो.

मग आषाढ आला आणि माझा अभ्यास सुरू झाला. रोहा ते पेण मेमू गाडीत खिडकीशी बसून मी मोबाईलवर धडे वाचायचे. एपीआय म्हणजे आपल्या कॉम्प्युटरने त्यांच्या कॉम्प्युटरला केलेली विनंती, इतपत मला कळलं. ती विनंती कुठल्या साच्यात घालून पाठवायची, यावर मात्र अख्खा धडा होता. एका साच्यात सगळी माहिती एका ओळीत सलग लिहायची. दुसऱ्यात प्रत्येक शब्द उघडायचा आणि बंद करायचा. एक जरी उघडा राहिला तरी सगळं परत. तिसरा जेसन. त्यात महिरपी कंसात डाव्या बाजूला रकान्याचं नाव, उजव्या बाजूला माहिती. मला जेसन आवडला, कारण तो आमच्या चिठ्ठीसारखा दिसत होता. तिथेच घात झाला.

आमच्याकडे गणपती सांगायचा म्हणजे घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायचा. मूर्ती त्याच पाटावर बसते. पाटाला एक चिठ्ठी लावतात, आणि तिच्यात फक्त जे बदलायचं तेवढंच लिहितात. पीतांबर यंदा पिवळा, इतकंच. उंची, सोंड, मुकुट हे रकाने कोरे. कोरं म्हणजे गेल्या वर्षीसारखं. हे कोणी कोणाला शिकवत नाही. कारखान्यातल्या माणसाला कोऱ्या चिठ्ठीचं कारण विचारलं तर तो तुम्हालाच वेड्यात काढेल.

दादा म्हणाले, "सरावासाठी खोटी नावं कशाला घेतेस? खऱ्याच नोंदी चढव. अभ्यास पन व्हईल, काम पन व्हईल." आधी आम्ही एक्सेलची फाईल चढवायचो, आणि त्यात कोऱ्या जागेला सॉफ्टवेअर हात लावायचं नाही. मी सगळ्या घरांच्या नोंदी जेसनमध्ये बसवल्या. यंदाचा जो बदल आला होता तो लिहिला. जिथे काही आलं नव्हतं तिथे अवतरणचिन्हांची जोडी ठेवली, आत काही नाही. माझ्या हिशेबाने सगळं गेल्या वर्षीसारखं. सकाळी आल्या आल्या विनंती पाठवली. काही चुकलं की तिकडून चुकीचा आकडा येतो, त्याची मला धास्ती होती; धड्यात अशा आकड्यांची यादीच होती. पण तिकडून उत्तर आलं, सगळं व्यवस्थित मिळालं. मी खुर्चीतच एक गिरकी घेतली आणि दादांना सांगितलं, "जमलं!"

दुपारी डबा खाताना पुढचा धडा उघडला. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की, जो रकाना बदलायचा नाही तो विनंतीत घालूच नये. रिकामा पाठवला तर जुनी माहिती पुसली जाते.

मी डबा बाजूला सारला. ती ओळ मी पुन्हा वाचली. मी सगळे रकाने घातले होते. 'मेसेज नको' हाही घातला होता, रिकामा.

रोज सकाळी दहा वाजता, ज्यांनी पाट आणलेला नाही त्यांना मेसेज आपोआप जातो. मी नोंद उघडली. काकांचं नाव. मेसेज गेला, पोचला, आणि उघडलाही गेला. 'नमस्कार,' त्यापुढे त्यांचं पूर्ण नाव, आणि खाली, 'बाप्पा आपली वाट बघतोय. पाट कधी आणताय?' हा मजकूर मीच लिहिलेला. वर दोन फुलं टाकली होती.

दादा चिडले नाहीत. "जुनी फाईल हाय ना? परत चढव. काय घाबरतेस गो?" फाईल चढवली, सगळं जाग्यावर आलं. 'मेसेज नको' वाली दुसरी घरंही होती, पण त्यांनी फक्त कारखाना बदलला होता, त्यांचं काही नाही. कासूचं तेवढं राहिलं. उघडलेला मेसेज परत कसा आणायचा, हे कुठल्या धड्यात नव्हतं. परीक्षा मी पुढच्या आठवड्यात पास झाले, हे इथेच सांगून टाकते, कारण त्या दिवशी मला त्या परीक्षेचं सोयरसुतक उरलं नव्हतं.

फोन करावा म्हणून तीनदा हातात घेतला. पण फोन लावला असता तर तो काकांच्याच फोनवर वाजला असता. शेवटी संध्याकाळच्या मेमूने निघाले आणि कासूला उतरले. गाडी पुढे रोह्याकडे गेली तेव्हा वाटलं, धावत जाऊन चढावं. वाटेने मनातल्या मनात घोकत होते, सिस्टीमची चूक झाली, सिस्टीमची चूक झाली. सगळे हेच सांगतात आणि लोक मानतातही. काकी रडतील, शिव्या देतील, हाकलून देतील, सगळं डोळ्यांपुढे येऊन गेलं. प्रत्यक्षात जे झालं, ते मात्र सुचलं नव्हतं.

दार उघडंच होतं. आतल्या खोलीत पंखा सुरू होता आणि पंख्याखाली, भिंतीला टेकवून, एक ओला पाट उभा केला होता. नुकताच घासून धुतलेला. कडेची जुनी कुंकवाची बोटं तेवढी निघाली नव्हती.

मी ओळख सांगितली. काकींनी माझा हात धरून मला खाली बसवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, घाई होती. "बाय, मला खरं सांग. तेंनी गनपती आधीच सांगून ठेवला व्हता काय गो? जायच्या आधी? तवा तुमचा मेसेज आला ना?"

मला वाटलं, व्हय म्हणावं. एक शब्द, आणि त्यांचं सगळं गोड होईल. माझीही सुटका होईल. पण तोंड उघडलं आणि मला त्याचीच भीती वाटली, की उद्या ही बाई गावभर सांगेल, माझ्या माणसाने मरणाआधी गणपती सांगून ठेवला होता, आणि ते खोटं मी पेरलेलं असेल.

"नाही काकी," मी म्हणाले. "त्यांनी काही सांगितलं नव्हतं. तुम्ही नको म्हणाला होतात ते माझ्या हातून पुसलं गेलं. माझी चूक."

त्यांनी हात सोडला. त्या पाटाकडे वळल्या. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बस." मग हळूच म्हणाल्या, "यंदा नको, असं भावकी म्हनाली. मी कुठं म्हनले? मी आपली मान डोलावली. चवथीला या खोलीत मी एकटी बसनार, समोर काय नाय, या इचारानं मला झोप लागत नाय गो. कोनाला सांगू?"

आपलं भिणं मोठं वाटत असताना समोरच्या माणसाचं दिसलं, की स्वतःची लाज वाटते. मला वाटली.

काकी उठल्या, पाट पुसून कोरडा केला, जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "ने. भावकीला मी बघते."

मी सवयीने विचारलं, "गेल्या वर्षीसारखाच ना काकी?"

"नाय," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्सी तेंनी उचलला व्हता. यंदा बारका करायला सांग. मला एकटीला उचलता आला पायजे."