झडती आधी माझी

इलेक्ट्रिकल मशिन्सच्या लॅबमधून तांब्याच्या तारेचं एक बंडल गेलं. सरांनी दार लावायला सांगितलं. लॅब असिस्टंट सगळी टेबलं सोडून सरळ माझ्यापाशी आला.

"तुजी बॅग दाव आधी, बाई. बाकीच्यांचं मग बघू."

मागून एकजण म्हणाला, "विहिरीवरची मोटर असती तर तीपण गेली असती." मुलं हसली. सरही हसले, थोडंसं.

मी पारधी. श्रीगोंद्याकडच्या माळावर आमची वस्ती आहे. तिथून इंजिनिअरिंगला आलेली मी पहिलीच. आजूबाजूच्या गावांत कुणाच्याही विहिरीवरची केबल कापली गेली, की पोलिसांची जीप आधी आमच्याकडे येते. नगरच्या कॉलेजात ती माझ्या मागे येणार नाही, असं मला वाटलं होतं.

पहिल्या वर्षी एकाचा कॅल्क्युलेटर हरवला. माझी बॅग उलटी केली गेली. कॅल्क्युलेटर त्याच्याच खोलीवर सापडला. तेव्हापासून लॅबमधून निघताना मी स्वतःहून बॅग उघडायला लागले. कुणी सांगायच्या आत. असिस्टंट आत डोकावायचा, "हं, जा" म्हणायचा. दाखवलं की मिटलं, अशी माझी समजूत होती.

प्रॅक्टिकलला आमच्या गटात जोडणी बाकीचे करत. मी आकडे लिहायचे. मीटरला हात लावला, तर असिस्टंट नंतर सगळे मीटर मोजून घ्यायचा. तिसरं वर्ष संपत आलं, तरी मोटर सुरू करायचं बटण मी एकदाही दाबलेलं नव्हतं.

तार गेली त्या दिवशीही हात सवयीने बॅगेच्या चेनकडे गेला. मी तो मागे घेतला. म्हणाले, "सगळ्यांच्या बघा. त्यात माझीही बघा."

सर जवळ आले. आवाज चढवला नाही.

"मॅडम, पोलिसांना कळवू का? तुमची वस्ती त्यांना माहीतच असेल."

"कळवा."

बॅग खांद्याला लावून मी दार उघडलं. कुणी अडवलं नाही. त्याचीच भीती वाटली.

संध्याकाळी वस्तीवर जीप आली. थोरल्या भावाला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. आईने विचारलं तर चौकशी होती, एवढंच पोलिसांनी सांगितलं. भावाला नीट चालता येत नव्हतं. आईने फोनवर आमच्या भाषेत विचारलं, बॅगेत काही नव्हतंच, तर दाखवायला काय झालं होतं?

उत्तर मला फोन ठेवल्यावर सुचलं. इतके दिवस मी दाखवतच होते. तरी तार गेली तेव्हा असिस्टंट माझ्याचकडे आला. रोज बॅग उघडून मी निर्दोष ठरत नव्हते. संशय बरोबर आहे, हे रोज कबूल करत होते.

ते बंडल कुठे गेलं, मला ठाऊक नाही. मी घेतलेलं नाही. ते शोधून देणं माझं काम नाही.

सोमवारी मशिन्सची प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षा आहे. घेणारे तेच सर. भाऊ म्हणतो, नको जाऊस, पोलीस परत येतील. येतील, हे मलाही दिसतं आहे. मी जाणार आहे. जोडणी मी करणार, बटणही मीच दाबणार. नापास केलं तर पुन्हा बसेन. आणि जीप आली, तर का नेता हे कागदावर लिहून दिल्याशिवाय माझ्या भावाला तीत बसू देणार नाही.