घालवलेला दिवा

वारज्याच्या सर्व्हिस रोडवर गाडीतली वीज जाणणारा माणूस कोण, असं कुणालाही विचारा, तो उत्तरेश्वरच्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवील. गडी केज तालुक्यातला. पुण्यात पहिला मुक्काम मार्केट यार्डात, रावसाहेब मिस्त्रींच्या हाताखाली. कांद्याचा ट्रक यायचा आणि ड्रायव्हर उतरायच्या आधीच हाक घालायचा, "मिस्त्री, दिवा घालवा." स्टिअरिंगमागे ऑइलचा नाहीतर चार्जिंगचा तांबडा दिवा पेटलेला असायचा. मालकाने बघितला तर बोलणी बसणार. मग रावसाहेब मागून हात घालून बल्बच उपसत आणि ड्रायव्हरच्या तळहातावर ठेवत. "घे. गेला." सगळे हसत. हवा भरणं तसं दिवा घालवणं, तेही एक कामच होतं.

त्या काळी गाडीत तारा होत्या, फ्यूज होते, आणि डोकं फक्त माणसाला होतं. मग गाडीलाही डोकं फुटलं, आणि तेही एक नव्हे. इंजिनाचा वेगळा डबा, ब्रेकचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा. प्रत्येकाच्या पोटात नखाएवढ्या चिपा. उत्तरेश्वर हे सारं हौसेने शिकला. स्कॅनर जोडून गाडीशी बोलू लागला. जिभेवरचा शब्द मात्र यार्डातलाच राहिला.

पावसाळा सरता सरता श्यामलाबाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. मंडईमागची जागा सोडून नवऱ्याबरोबर वारज्यात फ्लॅटवर राहायला आलेल्या. गाडी जुनी, पण बाईंच्या हातात शहाण्यासारखी चालायची. बाळकाका, म्हणजे त्यांचे यजमान, कायम शेजारच्या सीटवर.

"उत्तरेश्वर, हा बघा," बाई म्हणाल्या. पोटाशी फुगा धरून बसलेला एक इवलासा तांबडा माणूस काचेमागे पेटला होता. "हा दिसला की मला धडकी भरते. हा दिवा घालवा."

"धडकी हिला भरते," बाळकाका म्हणाले, "ब्रेक माझ्या कपाळाला लागतो."

उत्तरेश्वरने स्कॅनर लावला. गिअरखालचा एअरबॅगचा डबा गेला होता. नाना पेठेत फोन केला, तर दुकानदार म्हणाला, बाहेरून चिपाच येत नाहीत, डबा कधी येईल ते देवाला विचारा. बाई सावलीत उभ्या होत्या, पदराने वारा घेत, आशेने बघत. आणि उत्तरेश्वरचा हात यार्डात गेला.

नुसता बल्ब काढला असता तर बाईंनी ओळखलं असतं. चावी फिरवली की हा दिवा लागायचा आणि जरा वेळाने आपसूक विझायचा. डबा स्वतःला तपासून 'ठीक आहे' म्हणतो, ती ही खूण. म्हणून त्याने त्या दिव्याची तार ऑइलच्या दिव्याला जोडली. आता दोघे बरोबर लागत आणि इंजिन सुरू झालं की बरोबर विझत. एखाद्याने मेलेल्या माणसाची सही हुबेहूब करावी, तसं काम.

"गेला का?"

"गेला, बाई."

डबा आला की बसवू, तोवर बाईंची धडकी तरी जाईल, असं त्याने मनाशी म्हटलं. बाईंना मात्र सांगितलं नाही. त्या जाता-येता शेडसमोर हॉर्न वाजवत. तो हात वर करी, मान वर करीत नसे. "बाई दिवाच घालवा म्हणाल्या, दोष काढा कुठं म्हणाल्या," हे त्याने स्वतःला इतक्यांदा ऐकवलं, की एकदा जेवताना तोंडातून निघून गेलं.

"कोणाला सांगायलाव?" त्याची बायको द्वारका म्हणाली.

"कोणाला नाही."

"मग जेवा की. भाकरीला काय कळतंय."

दसऱ्याला द्वारकेने शेडपुढे रांगोळी घातली. पान्ह्यांना हळदकुंकू लागलं. स्कॅनरला फूल वाहायला उत्तरेश्वरचा हात काही पुढे होईना, तेव्हा तिनेच वाहिलं. तेवढ्यात हॉर्न वाजला. श्यामलाबाई काठपदराचं नेसून, ताटात निरांजन घेऊन उतरल्या.

"म्हटलं, गाडीची पूजा तुमच्याच दारात करावी. उद्या साताऱ्याला निघतोय, लेकीकडे. अस्मिता येतेय बरोबर. नात माझी, पुढेच बसायचं म्हणते."

"मला मागे बढती मिळाली आहे," बाळकाका म्हणाले. त्यांनी आपट्याची पानं पुढे केली. "घ्या, सोनं घ्या."

"हात माखलेत काका," उत्तरेश्वर म्हणाला. हात स्वच्छ होते.

बाईंनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, ओवाळायला ताट उचललं. हायवेवरून एक कंटेनर गेला, त्याच्या वाऱ्याने निरांजन विझलं.

"अगंबाई, दिवा गेला."

"गेला म्हणू नये गं," बाळकाका म्हणाले. "शांत झाला म्हणावं. गेला म्हणजे काहीतरी भलतंच."

द्वारका काडेपेटी आणायला वळली. उत्तरेश्वर जागचा हलला नाही. मग म्हणाला, "बाई, गाडीत बसा. चावी फिरवा. इंजिन चालू करू नका."

बाईंनी चावी फिरवली. दिव्यांची आरास लागली.

"आता बघत राहा. ऑइलचा दिवा इंजिन चालू होईस्तोवर राहतोच. फुगेवाला आपसूक विझायला पाहिजे."

सगळे बघत राहिले. फुगेवाला माणूस पेटलेलाच होता.

"विझत नाहीये," बाई म्हणाल्या.

"विझणार नाही. आतला डबा मेलेला आहे. उद्या घाटात कुठं ठोकर बसली, तर फुगा उघडणार नाही. तार मी दुसरीकडं जोडली. तुम्हाला दिसू नये म्हणून."

"मीच म्हणाले होते," बाई सावकाश म्हणाल्या. "दिवा घालवा म्हणून."

"तुम्ही काय म्हणत होता ते मला कळलं होतं, बाई."

त्यांनी चावी काढून त्याच्यापुढे धरली. "आधी तो होता तसा लावून द्या. मग डबा येईल तेव्हा येईल. आम्ही एसटीने जाऊ."

पूजेचं ताट उचलून त्या रिक्षा बघायला रस्त्याकडे चालू लागल्या. निरांजन तसंच होतं. त्यांनी मागे वळून पाहावं, निदान रागाने तरी, असं उत्तरेश्वरला वाटत होतं.

बाळकाका मागे रेंगाळले. त्यांनी उत्तरेश्वरचा हात धरून उलटा केला, स्वच्छ तळवा पाहिला आणि त्यावर आपट्याचं पान ठेवलं.

"सोन्यासारखे राहा, असं म्हणायची पद्धत आहे," ते म्हणाले. "जमतंय का बघा."

संध्याकाळी त्याने तार पूर्ववत जोडली आणि चावी फिरवून इंजिन सुरू केलं. बाकीचे दिवे विझले. फुगेवाला तांबडा माणूस तेवढा पेटून राहिला, आणि उत्तरेश्वर त्याच्यासमोर बसून राहिला. द्वारकेने जेवायला दोनदा हाक मारली.