भावोजींनी धुतलेला कचरा

कचरा साबणाने धुऊन, पुसून, उन्हात वाळवून मगच टाकणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच आहे, आणि ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आहेत. मुंबईच्या औषधांच्या कारखान्यातून निवृत्त होऊन भावोजी बोर्ली पंचतनजवळ आमच्या गावी आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या अंगणात दोरीवर चिमटे लावून दुधाच्या रिकाम्या पिशव्या वाळू लागल्या. शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारलं, "काय वो, पताका कसल्या? कुनाचं लगीन हाय?" भावोजी शांतपणे म्हणाले, "कचऱ्यानेसुद्धा घरातून निघताना नीट निघावं." ताई वैतागून सांगते, की या घरात माणसांपेक्षा बाटल्यांच्या आंघोळी जास्त होतात.

गावच्या कचरा शेडची व्यवस्था माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी तिथे एका कंपनीचं कचरा वेगळा करणारं यंत्र आलं, तेही चाचणीपुरतं. पास झालं तर कायमचं आमचं. नापास झालं तर ते माणगावला जाणार, शेडला कुलूप लागणार, शेडमध्ये कचरा निवडणारी सुगंधा आणि तिच्या जोडीदारणी घरी बसणार आणि गावाचा कचरा पुन्हा खाडीकाठच्या खड्ड्यात. यंत्र तसं अजाण होतं. पट्ट्यावर वस्तू ठेवायची, सेन्सर तिच्यावर प्रकाश टाकून तो कसा परत येतो ते वाचणार, कॅमेरा फोटो काढणार, आणि माणसाने सांगायचं, ही अमुक. असं शेकडो वेळा केलं की ते स्वतः ओळखू लागतं आणि हवेच्या झोताने वस्तू योग्य क्रेटमध्ये उडवतं. एवढी चिकाटी गावात एकाच माणसाकडे होती. भावोजी रोज घरून नमुने आणत आणि यंत्राला अहो-जाहो करत शिकवत. "बघा हं, ही शाम्पूची बाटली. घाई नको. नीट बघून घ्या." सरावात यंत्र एकदाही चुकलं नाही. मी निर्धास्त झाले.

चाचणीच्या दिवशी कंपनीच्या मॅडम आल्या आणि गावाचा खराखुरा कचरा पट्ट्यावर ओतला गेला. वाळूने भरलेल्या बाटल्या, माशांचे खवले चिकटलेल्या पिशव्या, किनाऱ्यावरून आलेले जाळ्यांचे तुकडे. पडद्यावर उमटलं, 'ओळखता येत नाही'. पुन्हा तेच. पुन्हा तेच. सगळा माल पट्ट्याच्या टोकाच्या शेवटच्या क्रेटमध्ये पडत राहिला.

मॅडमनी विचारलं, "शिकवताना नमुने धुतले होते का?"

"अर्थात!" भावोजी अभिमानाने म्हणाले. "मी स्वतः."

सुगंधाने कपाळाला हात लावला. "भावोजी, तुमी त्याला सगल्यांचे लग्नातलेच फोटो दावलेत. आता मानूस चिखलात उभा हाय, तो वलखनार कसा?"

कुणी हसलं नाही. मॅडमनी फोन केला होता आणि यंत्र न्यायला माणगावहून टेम्पो निघालाही होता. मी मॅडमना म्हटलं, "तो येईपर्यंत तरी थांबा. पुन्हा शिकवू." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

मी ढीग वाटून दिला: बाटल्या सुगंधाकडे, जाळी तिच्या जोडीदारणींकडे, पिशव्या भावोजींकडे. त्यांच्या पुढ्यातली पहिलीच पिशवी बोंबलाच्या रश्शात लडबडलेली होती. त्यांचा हात वाटेतच थांबला. मला वाटलं, संपलं. मग डोळे मिटून त्यांनी ती उचलली, पट्ट्यावर ठेवली आणि यंत्राला म्हणाले, "माफ करा हं. ही तीच दुधाची पिशवी. जगात ती अशी दिसते." त्यानंतर ते थांबलेच नाहीत. रस्सा कोपरापर्यंत ओघळला, चष्म्यावर खवले बसले.

टेम्पोचा हॉर्न वाजला. ड्रायव्हरने आत डोकावून विचारलं, "भरायचं काय?" मॅडमनी पट्टा सुरू केला. वाळूने माखलेली शाम्पूची बाटली सेन्सरखाली गेली, एक क्षण काहीच झालं नाही, आणि हवेचा फटकारा बसून ती तिच्याच क्रेटमध्ये पडली. मग पिशवी. मग जाळं. मधूनमधून चुकलंही, पण ढीग सरल्यावर मॅडमनी ड्रायव्हरला रिकामं परत पाठवलं.

आता यंत्राला बहुतेक सगळं ओळखू येतं. अडलं तरच ते थांबतं आणि दिवा लावून माणसाला विचारतं. भावोजी अजूनही रोज सकाळी येऊन त्या दिव्यासमोर खुर्ची टाकून बसतात. हल्ली दिवा फारसा लागत नाही. दुपारपर्यंत वाट पाहून ते घरी जातात. म्हणून सुगंधा कामावर येताना किनाऱ्यावरून काहीतरी विचित्र उचलून आणते. शेवाळ धरलेली चप्पल, नाहीतर जाळं तरंगत ठेवणारा फुटका बोया. भावोजींचं लक्ष नसताना ती ते हळूच पट्ट्यावर सोडते.

पट्टा थांबतो. दिवा लागतो.

"आलो, आलो," म्हणत भावोजी उठतात.