नवी चप्पल चावतेच!

चपलांच्या दुकानात माणूस आधी पाय पुढे करतो आणि मग घरचं सगळं सांगत सुटतो. डहाणू स्टेशनजवळच्या काकांच्या दुकानात मी चार-पाच वर्षं काउंटरवर बसलो, किस्से आपोआप जमले. काका बाभळीच्या सालीत कमावलेल्या गाईच्या चामड्याच्या चपला हाताने शिवायचे.

*

मुंबईच्या एका पाहुण्याने "ओरिजनल लेदर आहे ना?" विचारलं आणि उत्तराआधीच पट्ट्याला लायटर लावला. चामडं पेटलं नाही, नुसतं काळं पडलं.

"ओरिजनल आहे!" तो खूश.

"आहेच," काका म्हणाले, "आणि आता तुमचंच आहे. पिशवी देऊ?"

*

चप्पल नरम व्हायला काका एरंडेल चोळायला सांगायचे. तलासरीच्या एका गुरुजींनी चोळलं, जोड ओट्यावर ठेवला. डावी कुत्र्याने पळवली! काकांनी नवी डावी करून दिली. काही दिवसांनी गुरुजी परत हजर. "आता उजवी करा."

"पुन्हा तेल लावून बाहेर ठेवलीत?"

"छे! तेल नव्या डावीला लावलं होतं. ती घरात ठेवली!"

*

वेवजीचे एक आजोबा बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा घेऊन आले. "भाई, जरा लहान कर. मोटरसायकलला बांधायचाय."

"आणि बैल?"

"विकला. पण घुंगरं ऐकल्याशिवाय म्हातारी चहा ठेवत नाही!"

*

सायवनचा लखमा एका चिकूवाडीत कामाला होता. वाडीचे शेठ दरवर्षी आमच्याकडून जोड न्यायचे, पण नवी चप्पल चावते म्हणून सुरुवातीला लखमाला घालायला लावायचे. तो बिचारा जपून घालायचा. जरा नरम झाली की शेठ परत घ्यायचे. फोड लखमाला, चप्पल शेठना. मला भयंकर राग यायचा.

एका वर्षी लखमा नवा जोड काखेत मारून एकटाच आला. "काका, पोरीचं लगीन आहे. व्याह्यांसमोर अनवाणी नाय उभं राहायचं. पण शेठ त्याच्या आधीच चप्पल मागतील."

काकांनी चप्पल हातात घेऊन वाकवून बघितली. "जपू नको. रोज ओल्या पायांनी घाल आणि पायातच वाळू दे. हे चामडं तसं वाळलं की पायाचा आकार धरतं, मग सोडत नाही."

लग्नाला आम्ही दोघं गेलो. लखमा मांडवाच्या दारात व्याह्यांचं स्वागत करत होता, पायात तेल पिऊन काळपट झालेली चप्पल. शेठही आले होते, प्लास्टिकच्या सपाता घालून.

ते काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "यंदा तुमचं माप चुकलं बुवा."

काकांनी लखमाच्या पायांकडे नीट बघितलं.

"नाही हो शेठ, माप अगदी बरोबर आहे!"