हा तो अटॅक नाही

आमच्या ह्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, होऊन नऊ वर्षं झाली. नसांवरचं आवरण झिजवणारा हा आजार. वाळूजच्या कारखान्यातली नोकरी सुटली, हातात काठी आली. अटॅक यायचा तो हळूहळू. आधी पाय बधिर, मग दोन-तीन दिवसांत नजर धूसर. त्याची आम्हाला सवय झाली होती.

त्या रविवारी खुलताबादला माझ्या भावाकडे गेलो होतो. जेवता जेवता ह्यांनी घास ताटात टाकला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"डोक्यात काहीतरी फुटलं गं," म्हणाले. लगेच उलटी झाली.

भाऊ म्हणाला, "आजार उठला असंल. झोपू द्या दाजींना. गोळ्या आणल्यात ना?"

आणल्या होत्या. मागच्या अटॅकला डॉक्टरांनी दिलेल्या, त्यातल्या उरलेल्या. दोन गोळ्या काढून मी पाणी पुढे केलं, तर ह्यांनी माझा हात ढकलला. जीभ जड झाली होती.

"हा... तो नाही."

मेंदूच्या डॉक्टरांनी मागे एकदा सांगितलेलं मला तेव्हा आठवलं. या आजाराच्या माणसांत मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो, बीपी सांभाळा, डोकं एकाएकी भयंकर दुखलं तर घरी थांबू नका. तेव्हा मी नुसती मान हलवली होती. बीपीचं मशीन मात्र कपाटातच पडून होतं.

भावानं गाडी काढली. घाट उतरलो आणि दौलताबादच्या जुन्या दरवाजापाशी अडकलो. तिथून एका वेळी एकच गाडी जाते, त्यात वेरूळला निघालेली रविवारची गर्दी. भाऊ उतरून पुढं पळाला. "पेशंट है, गाडी पीछे लो!" त्याचा आवाज फाटला होता. ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी सारखी विचारत होते, "अहो, ऐकू येतंय ना?" आधी हुंकार येत होता. मग तोही येईना.

शहरातल्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्या पिशवीतली ह्यांची फाइल उघडली. "एमएस आहे? मग हा त्याचाच..."

"नाही मॅडम," मी मोठ्यानं म्हणाले. "तो दोन दिवसांत चढतो. हे एका क्षणात झालंय. आधी डोक्याचा फोटो काढा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्ट्रेचर थेट सीटी स्कॅनकडे नेलं.

रक्तस्राव होता. ऑपरेशन लागलं नाही, पण अकरा दिवस आयसीयूच्या दारात काढले. बीपी उतरलं, मेंदूतली रक्ताची गाठ हळूहळू विरली. ह्यांचा डावा हात मात्र अजून पुरता वळत नाही. शर्टाची बटणं मी लावते.

परवा लावताना मी म्हटलं, "तुम्ही हात ढकलला नसता तर मी गोळ्या देऊन झोपवलं असतं तुम्हाला."

"व्हय," ते म्हणाले, "आणि मी झोपलोही असतो."

शेवटचं बटण लावून मी बीपीचं मशीन घेतलं आणि ह्यांच्या उजव्या दंडाला पट्टा बांधला.