आत्याबाईंची नथ

माझ्या अंगात आयुष्यात एकदाच आलं, आणि तेही सिनेमाचं!

तेव्हा मी नवी नवरी. केडगावच्या मावशीला बघायला जातो, अशी थाप सासूबाईंना मारून आम्ही दोघांनी नगरला भुताचा सिनेमा पाहिला. (मावशी दिसली नाही, हडळ मात्र फार देखणी होती!) झालं, घरी आल्यापासून माझ्या तोंडी हडळीचेच डायलॉग. कोंबड्यासुद्धा मला बघून खुराड्यात शिरायच्या.

एका दुपारी सासूबाई ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. मला हुक्की आली. पाठीमागून जाऊन घोगऱ्या आवाजात म्हटलं, "मी परत आलेय... माझं होतं ते मला दे!"

सूप उडालं. सासूबाई पांढऱ्याफटक.

"आत्याबाई? तुमी?"

आत्याबाई म्हणजे त्यांची सासू. वारल्या त्या दिवसापासून त्यांची नथ गायब होती, हे मला कुठं ठाऊक!

"आवो, मी हाय, मी!" मी घाबरून म्हणाले.

"व्हय, तुमीच! लगेच वळखलं!" त्यांनी हात जोडले. मग माझ्या नवऱ्याकडं वळून ओरडल्या, "आरं, बघतो काय? देवऋष्याला आन!"

देवऋषी! मिरच्यांची धुरी आणि लिंबाच्या फोकाचे फटके! शेजारची सखू त्याच्या उपचारानंतर आठवडाभर पालथी झोपली होती. खरं सांगावं, तर सिनेमा उघडा पडणार. नवरा दारातून डोळ्यांनी विनवत होता, 'बोलू नको!' आणि चपला घालून खरंच निघाला की मेला! मी भीतीनं लटलट कापायला लागले.

"घुमायला लागली गं बाई!" सासूबाई किंचाळल्या आणि आत पळाल्या. कणगीत खांद्यापर्यंत हात घालून फडक्याची पुरचुंडी काढली अन् माझ्या ओटीत टाकली. "घ्या तुमची नथ! मीच लपीवली हुती. पन माझ्या सुनंला सोडा, लेकरू हाय वो ती!"

मला रडूच फुटलं. फटके डोळ्यांसमोर होतेच, म्हणून सिनेमातला शेवटचा डायलॉग मारला, "माझा आत्मा शांत झाला!" आणि धाडकन पडले. देवऋषी आला तेव्हा मी शहाण्यासारखी भाकरी थापत होते. नथ सासूबाईंनी कधी मागितली नाही, सिनेमा मी कधी सांगितला नाही.

परवा दिवाळीला तीच नथ घालून आरशासमोर बसले होते. मागून आवाज आला, "म्हातारे, तुझे दिवस भरले!"

"आजी, मी मोबाईलवर व्हिडिओ करतेय!" असं नातसून हसत म्हणेपर्यंत नथ माझ्या नाकातून निघून तिच्या हातात पोचली होती. आता परत मागू तरी कोणत्या तोंडानं?